बातमी आली की आधी आपलं माणूस शोधा: नाशिकच्या बॅच-ग्रुप ॲडमिनना खुले पत्र

नाशिकमधल्या शाळा-कॉलेजांच्या जुन्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळणाऱ्या सर्व ॲडमिन मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, वाईट बातमी आल्यावर पहिल्या तासाभरात आपल्या ग्रुपवर जे होतं, त्याने जुनी मैत्री उसवते आहे. भांडण होतंच असं नाही. बहुतेक वेळा कुणी काही बोलतही नाही. एक जण गप्प होतो, मग गेट-टुगेदरला येत नाही, मग ग्रुपमधून निघून जातो, आणि बाकीचे म्हणतात, "तो बदलला." हे पत्र लिहिणारे आम्हीही असेच ग्रुप सांभाळतो. कुणी शिक्षकी पेशातलं आहे, कुणी समुपदेशनातलं, कुणी बातम्यांच्या कामातलं. आमचं मागणं एकच आहे. ग्रुपवर वाईट बातमी पडली की "काय झालं?" याच्या आधी "आपल्यातलं कोण तिथे आहे?" हे विचारलं जावं, आणि ते विचारायची जबाबदारी ॲडमिनची असावी.

२१ एप्रिल २०२१ आठवा. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, वॉर्डातला दाब उतरला आणि उपचार घेणारे रुग्ण गेले. टाकीभोवतीच्या पांढऱ्या ढगाचा व्हिडिओ तासाभरात गावभर झाला. त्या दिवशी आकडा २२ होता, नंतर तो २४ झाला. दुसऱ्या लाटेचे दिवस होते, घरोघर कुणी ना कुणी बेडवर होतं. अशा दिवशी सव्वाशे माणसांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकणाऱ्याला वाटतं की आपण माहिती दिली. पण त्या सव्वाशेंत एखाद्याची आई, एखादीचा दीर त्याच इमारतीत असू शकतो, आणि त्याला ही बातमी डॉक्टरांआधी वर्गमित्राकडून, तीही चित्रासकट कळते. असा घाव भरत नाही. पुढे कितीही हात जोडलेल्या इमोजी आल्या तरी त्या माणसाला आठवतं ते एवढंच, की पहिल्या पाच मिनिटांत आपल्याला कुणी फोन केला नाही.

म्हणून आधी वही.

प्रत्येक बॅचची एक वही असावी. कागदाचीच बरी, आणि ती दोन माणसांकडे असावी, एक नाशिकमधलं आणि एक बाहेरगावचं. वहीत प्रत्येकाचं नाव, सध्याचं गाव किंवा उपनगर, कामाचं ठिकाण (सातपूर, अंबड, ओझर, नाशिकरोड एवढं पुरे, कंपनीचं नाव नको), घरातल्या आणखी एका माणसाचा नंबर, आणि त्याला किंवा तिला वर्गातलं सर्वांत जवळचं कोण. शेवटच्या रकान्यात एकच नाव लिहा, ते ज्याचं त्याला विचारून लिहा. वर्गमैत्रिणींच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं लिहिलीच पाहिजेत. हे राहून गेलं की फार वाईट होतं. अपघाताच्या बातमीत सासरचं आडनाव छापून येतं, ग्रुपवर सगळे ती बातमी वाचून हळहळतात, आणि ती आपल्याच बाकावरची होती हे तीन आठवड्यांनी कळतं. तोवर दहावा, तेरावा सगळं होऊन गेलेलं असतं.

वही गुगल शीट करून ग्रुपवर टाकू नका. नंबर फुटतात, कर्जवाल्यांचे आणि विमावाल्यांचे फोन सुरू होतात, आणि पुढच्या वेळी माणसं माहिती देत नाहीत. ज्याला नाव द्यायचं नाही त्याला आग्रह करू नका. वर्षातून एकदा, दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर, "काही बदललंय का?" एवढं प्रत्येकाला खासगीत विचारलं की वही ताजी राहते. शंभर जणांना दोघांनी वाटून विचारायला दोन संध्याकाळी लागतात.

आता पहिला तास. हा भाग आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण बिघडतं ते इथेच.

बातमी पडली की ॲडमिनने आधी एक ओळ लिहावी: "बातमी पाहिली. आपल्यातलं कोण जवळ आहे ते बघतोय. साडेआठला इथेच कळवतो, तोवर कृपया काही टाकू नका." मग ग्रुपच्या सेटिंगमध्ये परवानग्यांत जाऊन सदस्यांचं मेसेज पाठवणं बंद करावं, म्हणजे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल. ओळ आधी आणि कुलूप नंतर, हा क्रम चुकवू नका. आधी कुलूप लावलं तर लोकांना तोंड दाबल्यासारखं वाटतं आणि अर्ध्या तासात दुसरा ग्रुप तयार होतो. कुलूप तासाभराच्या वर ठेवायचं नाही. सांगितलेल्या वेळेला, काही नवं हाती नसलं तरी, "अजून कळलं नाही, साडेनऊला पुन्हा" असं लिहून ते उघडायचं. दिलेली वेळ पाळली की लोक पुढच्या वेळी थांबतात. एकदा चुकली की थांबत नाहीत.

त्या तासात फोन करायचे ते वही बघून. ज्याच्याबद्दल काळजी आहे त्याच्या नावापुढे ज्याचं नाव आहे, त्यानेच फोन करायचा. ग्रुपवर सर्वांत जास्त बोलणारा आणि सर्वांत जवळचा माणूस बहुधा वेगवेगळे असतात. एका घरी एकच फोन. पंचवीस जणांनी फोन लावला तर ज्याला खरंच ॲम्ब्युलन्सचा किंवा डॉक्टरांचा फोन यायचाय त्याची लाइन बिझी लागते आणि बॅटरी उतरते. दवाखान्यात असलेल्या माणसाला तर थेट फोन करूच नये. वहीतल्या घरच्या नंबरवर करावा. दोनदा लागला नाही तर सोडून द्यावा आणि साधा एसएमएस करावा. डेटा बंद असला तरी तो पोचतो. मजकूर असा: "बोलायची गरज नाही. ठीक असशील तर फक्त 'ठीक' पाठव. काही लागलं तर 'ये' पाठव." एका शब्दाचं उत्तर घाबरलेला माणूसही देऊ शकतो. "काय झालं, कसं झालं, कोण कोण होतं?" याचं उत्तर तो देऊ शकत नाही, आणि मग त्याच्या न दिलेल्या उत्तराचा आपण राग धरतो.

फोन लागलाच तर पहिलं वाक्य तयार ठेवा. "ऐकून धक्का बसला" हे आपलं दुःख झालं, ते त्याला सांगू नका. "कुठे आहेस? सोबत कोण आहे? मी निघू का?" हे तीन प्रश्न पुरतात. समोरून रडू आलं तर थांबा, फोन ठेवू नका. धीर देणारी वाक्यं शोधण्यापेक्षा "मी लाइनवर आहे" हे बरं. आपल्याला जो हादरा बसलाय तो बोलायचा असेल तर घटनेपासून आपल्याइतक्याच किंवा आपल्याहून लांब असलेल्या मित्राशी बोला. जवळच्या माणसाकडे द्यायला जायचं, सांगायला नाही. ज्या घरात मृत्यू झालाय तिथे जाऊन स्वतःच्या जुन्या दुःखाची कथा लावणारे लोक वाईट नसतात, फक्त चुकीच्या दाराशी आलेले असतात.

मग बातमीची शहानिशा. या कामाला ग्रुपमधले दोघे नेमून ठेवा, सगळ्यांनी शेरलॉक व्हायची गरज नाही. दर पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की जुने व्हिडिओ फिरतात. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या मोठ्या पुरांची चित्रं तर हमखास येतात. नाशिककर पूर मोजतात तो गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला की गळ्याला. म्हणून पुराचा व्हिडिओ आला की आधी मारुती दिसतो का ते बघा, आणि मग त्याच दिवशीचा गंगापूर धरणाचा विसर्ग किती क्युसेक आहे ते प्रशासनाच्या निवेदनात बघा. विसर्ग किरकोळ आणि मारुती गळ्याशी, असं सहसा जुळत नाही. व्हिडिओ जुना निघतो. रस्त्यावरच्या घटनेत गाड्यांच्या पाट्या बघा. एमएच १५ नाशिकची, एमएच ४१ मालेगावची. व्हिडिओभर दुसऱ्याच राज्याच्या पाट्या दिसत असतील आणि खाली "आत्ता, सीबीएसजवळ" (म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) लिहिलं असेल तर तिथेच थांबा. दुकानांच्या फलकांवरची लिपी, अंगावर स्वेटर आहेत की छत्र्या उघडल्या आहेत, पोलिसांच्या गणवेशातला फरक, हे सगळं एका मिनिटात दिसतं. व्हिडिओतलं एक स्थिर चित्र स्क्रीनशॉट करून गुगल लेन्समध्ये टाकलं की तेच चित्र पूर्वी कुठे येऊन गेलंय ते बहुधा सापडतं. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो पाच किंवा अधिक हातांतून आलाय; टाकणाऱ्याने स्वतः काही पाहिलेलं नाही. बिबट्याच्या चित्रांचं तर आता फार झालं आहे. एखाद्या सोसायटीच्या गेटवर बिबट्या बसलेला दिसतो आणि चित्र संगणकाने बनवलेलं असतं. खरा दिसला असेल तर ग्रुपवर टाकण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

ही नुसती हौस नाही. १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. पुढे, एप्रिल २०२० पासून, फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. पण मित्र म्हणून आपला हात त्याच्याही आधी थांबायला हवा.

चित्र आणि व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघण्याचा त्रास बघणाऱ्यालाही होतो, हेही ग्रुपला सांगा. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की पुढचा आठवडाभर रोज सहा किंवा अधिक तास त्या बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त होती. तेव्हा "काळजी वाटते म्हणून बघतोय" म्हणणाऱ्या मित्राला टीव्ही बंद करायला सांगण्यात काही वावगं नाही.

निधनाच्या निरोपाबद्दल थोडं. "अंत्यविधी ४ वाजता अमरधाम येथे" असं लिहून लोक मोकळे होतात. कुठलं अमरधाम? पंचवटी, मोरवाडी की जुनं नाशिक? बाहेरगावहून आलेला मित्र चुकीच्या ठिकाणी उभा राहतो आणि शेवटचं दर्शन चुकतं. निरोपात गेलेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव आणि आपल्या कुणाशी नातं, अंत्ययात्रा कुठून आणि किती वाजता निघणार, कुठलं अमरधाम, आणि घरच्यांच्या वतीने बोलणाऱ्या एका माणसाचा नंबर हे चार तपशील हवेतच. घरच्यांनी होकार दिल्याशिवाय निरोप टाकू नका. परदेशातल्या मुलाला अजून कळवलेलं नसतं आणि त्याला ते ग्रुपवरून कळतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आपल्यापेक्षा साडेबारा-साडेतेरा तास मागे असतात. आपल्या दुपारी तिथे मध्यरात्र असते आणि माणूस उठल्या उठल्या मोबाइल बघतो.

त्यानंतर येतात त्या भावपूर्ण श्रद्धांजल्या. सकाळी दहाला निरोप पडतो, आणि संध्याकाळपर्यंत एकाखाली एक जोडलेल्या हातांच्या नव्वद ओळी उभ्या राहतात. मधे कुठेतरी एकाने दशक्रियेची वेळ विचारलेली असते. ती त्या हातांत बुडते आणि त्याला उत्तर मिळत नाही. यावर सोपा उपाय आहे. ॲडमिनच्या मूळ निरोपावर प्रत्येकाने फक्त रिॲक्शन द्यावी, नवी ओळ टाकू नये. म्हणजे नव्वद माणसांनी पाहिलं हे घरच्यांना कळतं आणि कामाचं बोलणं वर राहतं. त्याच दिवशी कुणाचा वाढदिवस असेल तर शुभेच्छा खासगीत द्या, आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याला ॲडमिनने स्वतः फोन करून कारण सांगा. हे बारीक वाटेल, पण "माझा वाढदिवस कुणाला आठवला नाही" हे मनात धरून बसलेली माणसं आम्हाला ठाऊक आहेत.

दहाव्याला रामकुंडावर किंवा गावी गर्दी असते. तेराव्यानंतर ते घर रिकामं होतं. मैत्रीचं खरं काम चौदाव्या दिवशी सुरू होतं. वहीत त्या घराच्या नावापुढे चार तारखा लिहून ठेवा: चौदावा दिवस, महिना, पहिली दिवाळी आणि वर्षश्राद्ध. प्रत्येक तारखेला वेगळ्या मित्राचं नाव. त्या दिवशी त्याने अर्ध्या तासाचा फोन करायचा किंवा घरी जायचं. विषय काढायला हरकत नाही. गेलेल्याचं नाव घ्यायला लोक घाबरतात, आणि घरच्यांना मात्र ते नाव ऐकायचं असतं. बँकेचं नामनिर्देशन, वारस नोंद, विम्याचा दावा, सात-बारा अशी कामं याच काळात असतात. ग्रुपमध्ये वकील, बँकवाले, तलाठी कार्यालयात ये-जा असणारे कुणी ना कुणी असतंच. "काही लागलं तर सांग" यावर कुणी सांगत नाही. "गुरुवारी अकराला तुझ्याबरोबर बँकेत येतो" याला नाही म्हणायला जड जातं.

पैशाची मदत गोळा करताना मोठी चूक होते ती यादीची. "अमुक २५,०००, तमुक ५,०००, हा ५००" अशी यादी ग्रुपवर आली की पाचशेवाला पुन्हा तोंड वर करत नाही, आणि ज्याला काहीच जमलं नाही तो ग्रुपच सोडतो. नाशिकच्या एकाच बॅचमध्ये गंगापूर रोडला बंगला असलेला असतो, आणि कंपनी बंद पडल्यावर सिडकोत भाड्याने राहून रिक्षा चालवणाराही असतो. म्हणून पैसे थेट त्या घरातल्या व्यक्तीच्या खात्यात जाऊ द्या, ॲडमिनच्या खात्यात नको. ग्रुपवर फक्त एकूण रक्कम सांगा, तीही घरच्यांची हरकत नसेल तरच. सात दिवसांनी आवाहन बंद. रक्त हवं असेल तर तारीख, रुग्णालय, रक्तगट, किती पिशव्या आणि नातेवाइकाचा नंबर लिहा, आणि गरज भागली की मूळ मेसेज सर्वांसाठी डिलीट करा. तसं न केल्याने वर्षापूर्वीच्या रुग्णासाठी आजही फोन जात असतात.

आता जरा अवघड भाग. बातमी एकच असते, पण ती प्रत्येकाच्या ताटात वेगळी वाढली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली. लाल कांदा बाजारात यायचे ते दिवस. कॉलेज रोडला राहणाऱ्याला वाटलं, बरं झालं, भाव उतरतील, आणि त्याने तसं लिहिलंही. त्याच ग्रुपवर निफाडचा, चांदवडचा वर्गमित्र लासलगावच्या लिलावात आपली ट्रॉली घेऊन उभा आहे आणि भाव पडताना बघतोय. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला. त्या पाच महिन्यांत अशा किती मैत्र्यांत अबोला आला असेल, याची मोजदाद कुठे नाही. शहरातल्या मित्राच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला फक्त समोर कोण वाचतंय याचा विसर पडला. ॲडमिनने अशा वेळी वाद मिटवायला बसू नये. निफाडवाल्याला फोन लावून "तुझा किती माल पडून आहे?" एवढं विचारावं, आणि त्याचं उत्तर, त्याच्या परवानगीने, ग्रुपवर ठेवावं. खर्च किती झाला, भाव काय मिळाला, हे आकडे मित्राच्या तोंडून आले की सहसा कुणी टोमणा मारत नाही.

दहशतवादी हल्ला, दंगल, दगडफेक अशा बातम्यांत हेच फार टोकाला जातं. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जणांना मारलं गेलं, त्या दिवशी संताप येणं स्वाभाविकच होतं. पण अशा बातमीनंतर ग्रुपमधल्या मुस्लिम वर्गमित्राला टॅग करून "तू यावर काही बोलत नाहीस?" असं विचारलं जातं, तेव्हा बाकावर शेजारी बसलेला माणूस एका क्षणात आरोपी होतो. उलट दिशेनेही असंच होतं. ज्याचा नातलग त्या हल्ल्याच्या किंवा दंगलीच्या जागी अडकलाय, त्याला "दोन्ही बाजू बघ" असं त्याच रात्री शिकवायला जाणारेही असतात. दोन्ही गोष्टी ॲडमिनने त्याच मिनिटाला थांबवाव्यात. कुणाकडूनही निषेधाची मागणी करायची नाही, हा नियम ग्रुपच्या वर्णनातच लिहून ठेवा. ज्याच्याकडे बोट गेलं त्याला फोन करा, आणि फोनवर बातमीबद्दल बोलू नका. "घरी सगळं ठीक ना? पोरं क्लासला जातायत ना? उद्या दुकान उघडणार आहेस का, मी येऊ?" एवढंच बोला.

आक्षेपार्ह पोस्ट ॲडमिनला सर्वांसाठी डिलीट करता येते. ती करा, पण त्याआधी टाकणाऱ्याला फोन करून सांगा. सर्वांसमोर झालेल्या अपमानाचं उत्तर माणूस सर्वांसमोरच देतो. दुसऱ्यांदा तसंच झालं तर तिसऱ्या वेळी ग्रुपमधून काढणार, हे त्याला खासगीत स्पष्ट सांगा आणि पाळा. कायद्याचं म्हणाल, तर सदस्याच्या पोस्टसाठी, ॲडमिनचा त्यात समान हेतू नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. अफवा पसरवणाऱ्यावर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा होऊ शकतो. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव, फोटो, घर, शाळा यांतलं काहीही टाकणं कलम ७२ नुसार गुन्हा आहे. "न्याय मिळावा म्हणून" टाकलं तरीही.

वर्गमित्राने आत्महत्या केली असेल तर ग्रुपवर पद्धत, ठिकाण, चिठ्ठी, फोटो आणि "कारण काय असेल" यांतलं काहीही नको. कारणाची चर्चा घरच्यांना आयुष्यभर पुरते, आणि ग्रुपमधलाच आणखी कुणी तशाच विचारात असेल तर त्याला ती ढकलते. त्या निरोपाखाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पुढचा आठवडाभर ग्रुपमधल्या एकट्या राहणाऱ्या, नुकती नोकरी गेलेल्या, गप्प झालेल्या माणसांना एकेक फोन करा आणि सरळ विचारा, "तुझ्या मनात असे विचार येतात का?" विचारल्याने विचार रुजतो हा समज चुकीचा आहे, विचारल्याने माणूस बोलू लागतो.

जो गप्प आहे त्याच्या गप्पपणाचा हिशेब मांडू नका. दोन निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर नाही, याचे कितीतरी अर्थ असतात. कुणी बातमीने हादरलेला असतो, कुणी कामाच्या पाळीवर असतो, कुणाला काय लिहावं ते सुचत नाही. आणि मैत्री विरळ होणं हाही काही अपराध नाही. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात सात वर्षांत माणसाच्या जवळच्या वर्तुळातली निम्मी माणसं बदललेली आढळली. १९९८ च्या बॅचची अशी किती सात वर्षं झाली ते मोजा. दुसरीकडे, अमेरिकेतल्या एका अभ्यासानुसार ओळखीचं रूपांतर घट्ट मैत्रीत व्हायला दोनशेहून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. शाळेच्या एका बाकावर ते तास चाळीस-पन्नास दिवसांत भरतात. ते तास आपल्या खात्यात जमा आहेत म्हणूनच वीस वर्षांनी फोन केला तरी पहिल्या दोन मिनिटांत "अरे" वर येता येतं.

ग्रुप सोडून गेलेल्याचं काय करायचं? आता कुणी निघालं तर फक्त ॲडमिनलाच कळतं, आणि साठ दिवस त्याचं नाव पूर्वीच्या सदस्यांत दिसत राहतं. दोन दिवसांच्या आत त्याला फोन करा. "का गेलास?" विचारू नका, "कसा आहेस?" विचारा. कारण तो स्वतः सांगेल, किंवा नाही सांगणार. न विचारता परत ॲड करू नका. ते दार लोटून घरात शिरण्यासारखं आहे. परत यायचं नसेल तर वहीत मात्र त्याचं नाव राहू द्या. आणि कुणी दुखावलं असेल, ते कोण हे कळलं असेल, तर त्या दोघांना ग्रुपवर समोरासमोर आणू नका. मिसळ खायला एका टेबलावर बसवा आणि तिसरा कुणीतरी सोबत राहा.

शेवटी घाईचं कारण. २००३ च्या सिंहस्थात, २७ ऑगस्टला, नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. तेव्हा हातोहाती व्हिडिओ नव्हते. आता सिंहस्थ पुन्हा आला आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वणी आहेत. बाहेरगावच्या मित्रांचे आईवडील आपल्या घरी उतरतील, आणि एखादी अफवा उठली की राज्यभरातून नाशिकच्या मित्राला फोन लागतील, नेमके तेव्हाच जेव्हा नेटवर्क सर्वांत जास्त तुंबलेलं असेल. त्याआधी प्रत्येक बॅचने नाशिकबाहेरचा एक मित्र निरोप्या म्हणून ठरवावा. इथल्या माणसाने "आम्ही ठीक" एवढा एकच एसएमएस त्याला करायचा आणि बाकी सर्वांनी त्यालाच विचारायचं. घाटावर जाणाऱ्या ज्येष्ठांच्या खिशात किंवा कमरेच्या पिशवीत कागदावर दोन नंबर लिहून, तो कागद प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून द्यायचा; स्नानाला जाताना मोबाइल सोबत नसतो आणि पाठ असलेला नंबर गर्दीत आठवत नाही. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ती जागा घरातून निघतानाच ठरवा, आणि ती नदीकाठापासून लांब असू द्या. ११२ आणि १०८ हे क्रमांक सगळ्यांना ठाऊक असतात. जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

येत्या रविवारी वही आणा, सर्वांत आधी ज्यांच्याशी वर्षभर बोलणं झालेलं नाही अशी दहा नावं काढा, आणि संध्याकाळपर्यंत त्यांतल्या तिघांना फोन लावा.

आपले,
नाशिकमधले ग्रुप सांभाळणारे काही जण